गावखडी टाळून

लेकीचं म्हणणं एवढंच होतं, की मी एक रात्र घराबाहेर काढावी. कुठेही. गाडी खाली धूळ खात उभी आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, आणि बाबा गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघतात, हे तिला पुण्यातून फोनवर बघवत नव्हतं. "माणसं कुठून कुठून येतात आपला किनारा बघायला," ती म्हणाली. "आणि तुम्ही रत्नागिरीत राहून दोन वर्षांत भाट्याचा पूल ओलांडला नाहीत."

दोन वर्षं म्हणजे तिची आई गेल्यापासून. ते ती बोलली नाही, मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर एक आखणी पाठवली. एका रात्रीची कोस्टल ड्राइव्ह. सकाळी अमुक ठिकाणी फोटो, दुपारी तमुक ठिकाणी जेवण, संध्याकाळी सूर्यास्त. सूर्यास्ताची वेळसुद्धा दिली होती, जणू मी उशिरा पोचलो तर सूर्य थांबणार नाही याची मला कल्पना नसावी. मला राग आला. आखणीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. उभी नोकरी मी लोट्याच्या केमिकल कारखान्यात शिफ्टमध्ये काढली. खेडला बिऱ्हाड, कंपनीची बस, फर्स्ट, सेकंड, नाइट. रजा हवी तर आधी बदली माणूस उभा करायचा, मग साहेबांकडे तोंड वर करायचं. त्यामुळे कुठलीही गोष्ट महिनाभर आधी ठरवायची आणि आदल्या दिवशी मोडायची, यात आम्हा नवराबायकोचा हात कुणी धरला नसता.

विजयदुर्गची सहल आम्ही अशीच वर्षानुवर्षं ठरवत आलो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी माझ्या जागेवरचा माणूस आजारी, कधी पोरीची परीक्षा, कधी शिमग्याची पालखी. पण ठरवायची हौस बायकोला फार. सांडगे वाळत घालताना, मासे साफ करताना ती बसल्या जागी समुद्राकाठानं निघायची आणि संध्याकाळपर्यंत विजयदुर्गला पोचायची. तिची अट एकच होती. "एक रात्र, पण कुणाच्या घरी नाही. लॉजवर. सकाळी उठले की दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा माझ्या हातात यायला हवा. आणि कप विसळायला मी उठणार नाही."

मी निवृत्त झालो, रत्नागिरीत फ्लॅट घेतला, गाडी घेतली. आता विघ्नं संपली असं मला वाटलं. पण घोडं अडलं ते रस्त्यावर. तो रस्ता म्हणजे तिचे नातेवाईक. पावसला मावसबहीण, पूर्णगडला चुलता, खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडीला तिचं माहेर, आणि कशेळीला आत्या. आमच्याकडे एक कायदा आहे, तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. वाटेवर आपलं माणूस राहत असेल तर त्याच्या दारावरून तसंच पुढे जायचं नाही, आणि त्याच्या घराच्या जवळपास लॉजवर तर उतरायचंच नाही. उतरलात, तर पुढच्या तीन लग्नांत तुमच्याशी कुणी धड बोलत नाही.

त्यात गावखडीचं घर अगदी रस्त्याला लागून. मेहुणा पडवीत बसलेला असायचा आणि गाडीच्या आवाजावरून माणूस ओळखायचा. पूल ओलांडला की ती म्हणायची, "उभ्याउभ्या डोकावून येऊ. पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांत चहा व्हायचा, मासळी यायची, तिच्या पायातल्या चपला जाऊन कुठल्यातरी जुन्या स्लिपरा यायच्या, आणि मला नारळ सोलायला बसवलेलं असायचं. दोन दिवसांनी आम्ही कोकमाची सोलं आणि कुळथाचं पीठ घेऊन परत रत्नागिरीला. विजयदुर्ग तसाच राहिला. "पुढच्या वेळी थांबायचंच नाही," असं ती परतीच्या वाटेवर पावसपर्यंत म्हणत असायची.

त्या घराला फाटक नाही, बेडं आहे. जांभ्या दगडाचे दोन खांब, त्यांना समोरासमोर भोकं, आणि त्यांत आडवे सरकवलेले बांबू. भात कापून झालं की गावात गुरं मोकळी सुटतात, ती परसातल्या भाजीत शिरू नयेत म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं घर बेड्यापर्यंत सामोरं आलं होतं, आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. दुसऱ्या खेपेला गेलो तर कुणी उठलंसुद्धा नाही. सासरे पडवीत सुपारी कातरत बसले होते, ते कातरतच राहिले. मी बेड्याबाहेर बॅग धरून उभा. माझं तोंड फुगलेलं बघून ती हसली आणि तिनं स्वतःच बांबू काढायला घेतले. "सामोरे जातात ते पाहुण्याला," ती म्हणाली. "घरच्याला कोण सामोरं जातं? धरा ते टोक." तेव्हापासून ती एक टोक धरायची, मी दुसरं.

आता मला अडवणारं कुणी नव्हतं, आणि हीच पंचाईत होती. ज्या लॉजसाठी आम्ही इतकी वर्षं जीव टाकला, तिथं मी उद्या सकाळी जाऊन उतरू शकत होतो. पण ती नसताना त्या रस्त्यानं जायचं म्हणजे गावखडीवरून जायचं, आणि गावखडीला माझं आता काय नातं उरलं होतं ते मला कळत नव्हतं.

वर्षश्राद्धाला मेहुणा आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, आले होते. जेवले. निघताना मेहुणा खाली बघत म्हणाला, "येत जा." मी "हो" म्हटलं. त्यानंतर ना मी गेलो, ना त्यांचा फोन आला. मेहुण्याला आताशा कमी ऐकू येतं, तो फोन कानाला लावत नाही. वहिनींना फोनवर बोलायचा मुळातच कंटाळा. ही कारणं मला माहीत होती, तरी रात्री पडल्या पडल्या ती पुरी पडायची नाहीत. सासुरवाडी ही बायकोच्या मागून आलेली गोष्ट. ती खुंटीच निघाली, तर आता सदरा कुठं टांगायचा? आमची भांडणं नव्हती, वाटण्या नव्हत्या, काही नव्हतं. नुसतं येणंजाणं थांबलं होतं.

मला ते हाकलून देतील अशी भीती नव्हती. तशी माणसंच नव्हेत ती. भीती एकच होती, की मी जाईन आणि ते उठून पुढे येतील. "या, बसा" म्हणतील. आतली प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर काढतील, ट्रेमधून चहा देतील. एवढं झालं की संपलं. मग मला ते घर बाहेरूनच बघावं लागलं असतं, आणि तिचं जे काही त्या घरात माझ्या वाट्याला होतं तेही गेलं असतं. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं मी दोन वर्षं ठरवून बसलो होतो.

म्हणून मी माझी स्वतःची आखणी केली. हातखंबा, पाली, लांजा, राजापूर, असा हायवेनं सरळ खाली जायचं आणि पार जैतापूरकडे समुद्राला भिडायचं. तिथून विजयदुर्ग. दुसऱ्या दिवशी तसंच परत. समुद्रकाठची सहल, आणि निम्म्याहून जास्त रस्ता डोंगरातून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण आखणी पक्की होती, कुणाच्या दारावरून जायला लागत नव्हतं.

लेकीनं ती बघितली आणि तिचा फोन आला. "पालीवरून का? गावखडीवरून जा ना. राहायचं तर मामाकडेच राहा."

"पुढे रस्त्याचं काम चालू आहे," मी म्हटलं.

"कुठे?"

"आहे कुठेतरी."

ती आईवर गेली आहे, खोटं पकडलं की बोलत नाही. मग हळूच म्हणाली, "बरं. पण जा." आणि विजयदुर्गच्या एका घरगुती राहण्याच्या ठिकाणाचा नंबर पाठवला.

मी नंबर लावला. मालक बोलका होता. किती माणसं, म्हणाला. एक, म्हटलं. "एकटेच?" मी हो म्हटलं. "म्हणजे रूम डबल बेडच्याच आहेत सगळ्या, काका. जोडीनं येतात ना लोक." मी म्हटलं, चालेल. सकाळचा चहा खोलीवर मिळेल का, हेही विचारलं. मिळेल म्हणाला. फोन ठेवला आणि मला एकदम रडू आलं. चहाचं मी विचारायला नको होतं.

निघायचं शनिवारी ठरलं. आणि बुधवारी मी गाढवपणा केला. आखणीत एक भोक राहिलं आहे असं मला वाटायला लागलं होतं. समजा कुणी मला विजयदुर्गला बघितलं, आणि गावखडीला सांगितलं, की जावई लॉजवर उतरले होते. त्यापेक्षा आधीच फोन करून ठेवावा. खरं कारण ते नव्हतंच. मला त्यांच्या तोंडून "या" ऐकायचं होतं. आधी ऐकलं की भीती जाईल, असा हिशोब. पण सरळ विचारायची छाती नव्हती. म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा मी वहिनींना फोन लावला आणि सुरुवात सोलांपासून केली.

"सोलं हायत," त्या म्हणाल्या. "किती पायजेत?"

"तशी घाई नाही. शनिवारी त्या बाजूला येणं होतंय माझं. म्हटलं, तुम्ही घरी असाल का?"

"आमी कुठं जाणार?"

"नाही, म्हणजे, आलो तर चालेल का? मुक्कामाची काही अडचण तर नाही ना? असेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे सोय बघतो."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. मग वहिनी म्हणाल्या, "बघा तुमचं तुमी काय ता." आणि फोन बंद.

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. या नाही, नका येऊ नाही. बघा तुमचं तुम्ही. म्हणजे झालंच. इतकी वर्षं नारळ सोलले त्या पडवीत, आणि आता आमचं आम्ही बघायचं. मी मनातल्या मनात वहिनींना बरंच काही ऐकवलं. मग तिलाही ऐकवलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघून. बघ तुझी माणसं, म्हटलं. फोटोत ती एका लग्नातल्या साडीत आहे आणि कुणाकडेतरी बघून हसते आहे. माझ्याकडे नाही, बाजूला कुणीतरी होतं.

शनिवारी सकाळी मी ठरल्याप्रमाणे हातखंब्याच्या दिशेनं निघालो. पाण्याची बाटली, बिस्किटं, गोळ्या, एक शर्ट. बाजूच्या सीटवर काही नव्हतं, म्हणून पिशवी मागे न ठेवता तिथं ठेवली. ती असती तर पहिल्या वळणावर "हळू" म्हणाली असती. हे ऐकायची इतकी सवय, की मी वळणावर आपोआप हळू होत होतो.

पालीला चहाला थांबलो. बाजार नुकताच उघडत होता. कोल्हापूरकडून आलेले भाजीचे टेम्पो, एसटीची वाट बघणारी माणसं, दुकानासमोर पाणी मारणारा एक जण. मी टपरीच्या बाकावर बसलो आणि वडा मागवला. तेवढ्यात लेकीचा फोन. आवाजात उत्साह होता, माझ्यासाठी मुद्दाम आणलेला. "निघालात ना? समुद्र दिसला का?"

माझ्यासमोर कांद्याची पोती उतरत होती. "दिसला," मी म्हटलं.

"कसा आहे?"

"नेहमीसारखाच. शांत."

"फोटो पाठवा," ती म्हणाली, आणि तिला मीटिंग होती म्हणून फोन ठेवला.

वडा पुढ्यात आला. खाववेना. आजूबाजूला प्रत्येकजण कुणाशी ना कुणाशी बोलत होता, निदान भांडत तरी होता, आणि मी तिथं बसून स्वतःच्या मुलीला समुद्राबद्दल थाप मारत होतो. पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. लांज्याला जेवण, एकटं. मग समुद्र, एकटा. मग तो डबल बेड. सकाळी दाराशी चहा येणार आणि तो मी एकटा पिणार, ती ज्याच्यासाठी इतकी वर्षं झुरली तो चहा. मला ते जमणार नव्हतं. सहल तिची होती, आणि ती कुठल्या रस्त्यानं जायची ते मला पक्कं माहीत होतं. तिची विजयदुर्गची सहल कधी गावखडीच्या पुढे गेलीच नाही. ट्रेमधून चहा द्यायचा तर देऊ देत, म्हटलं. एकदा बघून तरी येऊ. मी टपरीवरूनच विजयदुर्गच्या मालकाला फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि गाडी वळवली.

रत्नागिरीत परत आलो, भाट्याचा पूल ओलांडला. भरती होती. पावसला मावसबहिणीच्या दारावरून काच वर करून गेलो, देव मला क्षमा करो. आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास बंद काचेतूनही आत येत होता. पूर्णगडची खाडी आली. पुलाच्या मध्यावर माझी बाजूच्या सीटकडे मान वळली, कारण "उभ्याउभ्या" हा शब्द तिथंच यायचा.

घर होतं तसंच होतं. बेडं घातलेलं. पडवीत कुणी नाही. परसात लाल माठ आणि मुळ्याचे वाफे हिरवेगार, आणि रस्त्यावर दोन उनाड गुरं त्यांच्यावर डोळा ठेवून उभी. मी गाडी बेड्यासमोर थांबवली, खाली उतरलो आणि उभा राहिलो. कुणीच आलं नाही. मी हॉर्न वाजवला. आत भांड्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला. आहेत घरात, म्हणजे मुद्दाम येत नाहीत. मला तिथंच वळावंसं वाटलं. विजयदुर्गची खोली सोडून दिल्याचा पश्चात्तापही झाला. पुन्हा एकदा हॉर्न वाजवला, तो जरा रागानंच.

मागीलदाराकडून वहिनींचा आवाज आला. बाहेर काही त्या आल्या नाहीत. "भावोजी, काय उभे र्‍हायलाव तिथं? हात न्हायत काय? बेडं काढा नि या."

मी पहिल्या बांबूला हात घातला.

"आणि परत घाला," त्या आतूनच म्हणाल्या. "गुरं शिरतील भाजीत. आणि नारळ काढून ठेवलेत पडवीत, पाय लागेल. तुमच्यासाठीच ठेवलेत, ह्यांच्याच्यानं आता सोलवत न्हाय."

मग पडवीच्या आतल्या दारात मेहुणा दिसला. बनियनवर, काठी टेकत. वाळला होता बराच. त्यानं माझ्याकडे बघितलं, पण पुढे आला नाही. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा मोठ्यानं म्हणाला, "चालेल का म्हणून इचारलात. हे काय हॉटेल हाय?"

मी मान खाली घातली.

"बुधवारपास्नं ह्यांना जेवण गोड लागला न्हाय," आतून वहिनी. "दोन वर्सं वाट बघून फोन आला, तो असला."

मेहुणा तेवढं बोलून पडवीतल्या आपल्या जागेवर बसला आणि पानाचा डबा पुढे ओढला. त्यानं "या" म्हटलं नाही. "बसा" म्हटलं नाही. कुणी खुर्ची काढली नाही. मी बांबू एकेक करून उपसले, गाडी आत घेतली आणि बेडं परत घालायला मागे गेलो.

बांबू चांगले लांब आहेत. एक टोक या खांबाच्या भोकात टेकवायचं, ते निसटू नये म्हणून कुणीतरी धरायचं, आणि दुसऱ्यानं पलीकडचं टोक उचलून सरकवायचं. दोघांचं काम आहे ते. मी एक टोक टेकवलं, धावत पलीकडे गेलो, तोवर ते खाली पडलं. पुन्हा आलो, टेकवलं, पायानं दगड सरकवून खाली अडकवला, पुन्हा पलीकडे गेलो. गुरं बघत होती. असा एकेक बांबू, इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

"घातलंत काय नीट?" वहिनींनी आतून विचारलं.

"घातलं," मी म्हटलं.